दिवाळसणाचे मोती

माझ्या धाकट्या भावाने शेततळ्यात मोती पिकवायचं ठरवलं, तेव्हा मी त्याला फोनवरच विचारलं, "तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" हदगावच्या पुढे आमचं शेत आहे. कापूस, सोयाबीन आणि पाणी असेल त्या वर्षी थोडी हळद, एवढंच त्या मातीनं आजवर बघितलेलं. तो नेहमीसारखा शांतपणे म्हणाला, "अक्का, तू येऊन तर बघ." मी नांदेडला शाळेत शिकवते. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर बस धरली आणि भांडायच्या तयारीनंच गेले. माझ्या तोंडाला कुलूप नाही हे माहेरी सगळ्यांना ठाऊक आहे आणि मलाही त्याचं फारसं वाईट वाटत नाही.

पडवीत एका घमेल्यात काळपट शिंपले पाण्यात पडले होते. भाची, म्हणजे भावाची एकुलती एक मुलगी, हातमोजे घालून पाटावर बसली होती. ती तेव्हा नर्सिंग शिकत होती. भावाने शिंपला हातात धरायचा, दोन कवचांमध्ये बारीक पाचर घालून तो बोटाच्या पेरापेक्षा कमी उघडायचा, आणि भाचीनं आतल्या जिवाच्या मऊ अंगात शिंपल्याच्याच भुकटीचा एक गोल मणी सरकवायचा. जरा जास्त उघडला तर जीव मरतो. मी पोचले तेव्हा दोघं श्वास रोखून बसले होते, आणि वहिनी स्वयंपाकघरातून ओरडत होती की ते घमेलं भाकरीच्या पिठाचं आहे. भांडण करायला आलेली मी, पदर खोचून शिंपले मोजत बसले.

आमच्याकडे मोती म्हटलं की हैदराबाद. लग्नाचा बस्ता बांधायला गेलं की नथीचे मोती तिथूनच घ्यायचे, आणि घेताना मोती दातावर घासून बघायचा. खरा असेल तर बारीक वाळू लागल्यासारखा खरखरतो, खोटा असेल तर नुसता घसरतो. माझ्या लग्नात आईनं भर दुकानात एकेक मोती दाताला लावून बघितला होता. दुकानदार हसत होता आणि मी लाजेनं मान खाली घालून बसले होते. माझं मोत्यांचं ज्ञान तिथंच सुरू झालं आणि तिथंच संपलं होतं.

भाऊ मात्र कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आला होता आणि मोबाइलवर बघून बघून तयार झाला होता. सगळ्यांत मोलाचा तो बसरा मोती, असं तो सांगायचा. आखाताच्या तळाशी शिंपल्यात आपोआप तयार झालेला, कुणी काही न घातलेला. शेकडो शिंपले फोडावे तेव्हा एखाद्यात सापडणार, म्हणून तर तो राजेरजवाड्यांच्या गळ्यात गेला. आता त्यासाठी कुणी बुडी मारत नाही. जे आहेत ते जुन्या दागिन्यांतलेच. बाकी सगळे माणसानं पिकवलेले. समुद्रातल्या शिंपल्याचा गोल, टपोरा मोती महाग, कारण तो शिंपला एका वेळी एखादाच मोती देतो. चीनकडून येणारा तांदळी मोती स्वस्त, कारण तिथला एकच शिंपला मूठभर मोती देतो. आणि ठशाचे मोती वेगळेच. शिंपल्याच्या आत गणपतीचा नाही तर बुद्धाचा ठसा ठेवायचा, वर्ष-दीड वर्षानं त्याच्यावर मोत्याचा थर चढतो आणि मूर्ती तयार होते. शेजारच्या गावातल्या दोघांनी ठशाचेच घातले होते, एकानं गणपती आणि एकानं बुद्ध. दोघंही भावाला वेड्यात काढत होते, कारण त्यानं गोल मणी घातले होते.

"गोल मोत्याला लई टाइम लागतो," तो मला म्हणाला. "थर जाड व्हावा लागतो, अक्का. पातळ थराच्या मोत्याला तेज नसतं. आतला मणी दिसतो, भोक पाडाया गेलं की टवका उडतो. आन् माळ करायची तर एका रंगाचे, एका आकाराचे जमवावे लागतात. त्याच्यात खरी मेख हाय."

"मग ठशाचे घाल की. लवकर सुटशील."

त्यानं भाचीकडे बघितलं. ती मान खाली घालून पुढचा शिंपला धूत होती. "माळ हिला करायची हाय," तो म्हणाला. "विकायचे नंतर बघू."

हे कळल्यावर मी पुढचा शिंपला मोजायला घेतला. आमचे वडील लवकर गेले. भावाने बहिणींची लग्नं केली, आईचं आजारपण काढलं, पण कुणासाठी हौसेनं काही करावं अशी सवड त्याला कधी मिळाली नव्हती. आता लेकीसाठी त्याच्या डोक्यात एक गोष्ट आली होती आणि तो तिच्यापायी रोज तळ्यावर जाऊन बसत होता. शेणकाला कालवून पाण्यात सोडायचा, पाणी हिरवं ठेवायचा. शिंपले ते शेवाळ खाऊन जगतात. जाळीच्या पिशव्यांत भरलेले शिंपले बांबूला बांधून काठाजवळ सोडलेले होते. आठवड्यातून एकदा तो एकेक पिशवी वर काढून शिंपला बंद आहे की नाही ते बघायचा. बंद म्हणजे जिवंत. मेला की तोंड उघडतो.

भाचीचं शिक्षण संपलं, नोकरी लागली आणि चांगलं स्थळ सांगून आलं. लग्न वैशाखात ठरलं. मोती अजून तयार नव्हते. भावानं त्यावरही तोड काढली. लग्नात नाही, तर पहिल्या दिवाळसणाला. लेक-जावई घरी येतील तेव्हा त्यांच्यासमोरच शिंपले फोडायचे, माळ ओवायची आणि तिच्या गळ्यात घालायची. बाप-लेकीचं तसं ठरलंच होतं. भाची सासरी जायच्या विचारानं रडवेली व्हायची तेव्हा तो म्हणायचा, "दिवाळीला मोती फोडाया यायचं हाय, ध्यानात ठेव." मग ती हसायची.

लग्नाच्या आधी आठवडाभर नाना आले. नाना म्हणजे वहिनीचे वडील, भावाचे सासरे. लातूरच्या मुरुडजवळच्या एका खेड्यात त्यांनी सगळं आयुष्य ग्रामपंचायतीचं पाणी सोडण्यात घालवलं. टाकी भरायची, पाण्यात जंतू मारायची टीसीएल पावडर टाकायची, वेळेवर नळ सोडायचे. लातूरकडच्या माणसाला पाण्याचं सांगावं लागत नाही. आठवड्यातून, कधी पंधरवड्यातून एकदा येणारं पाणी पिंपात, टाकीत, हंड्यात भरून, झाकून, जपून वापरणारी ती माणसं. नाना तर आमच्या घरी हात धुतानाही तांब्या अर्धाच भरायचे आणि उरलेलं तुळशीला घालायचे. बायको गेल्यापासून एकटेच राहत होते. पहिल्याच नातीचं लग्न म्हणून हुरूप इतका की स्वतःची वळकटी बगलेत मारून दोन बस बदलत आले आणि आल्या आल्या विचारलं, "माझ्याकडं कोणतं काम?"

सगळे म्हणाले, तुम्ही आराम करा. आमचं चुकलं असेल तर एवढंच. ज्याला आयुष्यभर आराम माहीत नाही त्याला लग्नघरात आराम करा म्हणू नये.

त्यांनी आपलं काम आपणच शोधलं. मांडव शेतातच पडणार होता, तळ्याच्या अलीकडे. पाहुण्यांचे हातपाय, भांडीकुंडी, सगळं तळ्याच्या पाण्यावर निघणार होतं. नानांनी तळं बघितलं आणि हादरले. हिरवंगार पाणी. मोत्यांचं त्यांच्या कानावर होतं, पण शिंपला काय खातो हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांना वाटलं, जावई लग्नाच्या गडबडीत आहे, तळ्याकडे बघायला कुणी नाही.

भाऊ त्या दिवशी नांदेडला कपडे आणायला गेला होता. सकाळी मी चहा घेऊन तळ्याकडे गेले तर लांबूनच दवाखान्यासारखा वास आला. नाना काठावर उभे होते, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात रिकामी बादली. मुरुडहून येताना लग्नघरच्या पाण्यासाठी म्हणून वळकटीत बांधून आणलेली ती पावडर त्यांनी कालवून तळ्यात सोडली होती. आणि शेवाळ सगळ्यांत दाट होतं तिथं जास्त सोडली होती. म्हणजे बांबूपाशी, शिंपल्यांच्या पिशव्यांवरच.

"आता बघा ताई," ते कपाळाचा घाम पुसत म्हणाले. "सांजच्याला तळ दिसंल. शिंपल्यालाबी बरं, नितळ पाणी भेटलं."

मी चहा तिथंच ठेवला आणि घराकडे येऊन भावाला फोन केला. तो म्हणाला, "तू नानांला काई बोलू नको. मी निघालोच."

तो दुपारी आला. पावडरीचा जोर कमी व्हावा म्हणून विहिरीची मोटर चालू करून सगळं पाणी तळ्यात सोडलं. नानांना सांगितलं, लग्नाला पाणी जास्त लागेल म्हणून भरून घेतोय. नाना म्हणाले, बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी भावाने आणि भाचीनं पिशव्या वर काढल्या. मीही होते. पहिल्या पिशवीतल्या सगळ्या शिंपल्यांची तोंडं उघडी. दुसरीतलेही तसेच. पुढच्या पिशव्या त्याने उघडल्यासुद्धा नाहीत, नुसत्या हातानं चाचपून बाजूला ठेवल्या. भाची त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. तिच्या हाताला मेंदी लागायची होती अजून.

मेलेले शिंपले तसेच ठेवले तर आतला मोतीही खराब होतो, म्हणून ते लगेच फोडावे लागले. आखाड्यामागे, म्हणजे शेतातल्या गोठ्यामागे, बाभळीखाली, कुणाला दिसणार नाही असं बसून दोघांनी ते फोडले. मोती निघाले. गोल होते, पांढरे होते आणि शाळेतल्या खडूसारखे निस्तेज होते. मी त्यातले चार नांदेडला आमच्या ओळखीच्या सराफाकडे घेऊन गेले. त्यानं भिंग लावलं, एकाला भोक पाडून बघितलं. थराचा टवका उडाला आणि आतला मणी उघडा पडला. "अजून सहा-आठ महिने तरी पाहिजे होते, मॅडम," तो म्हणाला. "काढायची घाई का केली?" तिथंच तांदळी मोत्यांच्या माळा टांगलेल्या होत्या. एक घ्यावी असं मनात आलं आणि भाचीला फोन लावला. ती म्हणाली, "नको आत्या. विकतचे नको."

माझा संताप अनावर झाला होता. शेतावर परतल्यावर मी भावाला बाजूला घेतलं. "त्यांना सांग तरी, काय करून ठेवलं ते."

"सांगून काय होईल? शिंपले जित्ते होतील?"

"त्यांना कळायला नको?"

"अक्का," तो म्हणाला, "नातीच्या लग्नाची येवढीच काय ती हौस हाय त्यांला. घरी एकलेच ऱ्हातात. त्यांला कळलं तर लग्नात येक घास जाणार न्हाई घशाखाली. मी पोरीच्या मायलाबी सांगितलं, उन्हानं गेले म्हणून. तूबी तेच सांग."

मी तेच सांगितलं. पण नानांशी मी धड बोलले नाही. त्यांनी पाणी मागितलं तर तांब्या पुढे सरकवायचा आणि निघून जायचं, एवढंच. आणि त्यांनी तर कमालच केली होती. येईल त्या पाहुण्याला हाताला धरून तळ्यावर न्यायचे. "बघा पाणी. आरसा हाय आरसा. मी केलंय." उमरीचे पाहुणे, वराकडचे वऱ्हाडी, मांडववाले, आचारी, सगळ्यांना दाखवून झालं. कुणीतरी विचारलं, मोत्यांचं काय झालं हो? तर नाना म्हणाले, "ऊन लई हाय औंदा. शिंपले तगले न्हाईत. जावयानं लई मेहनत केली हुती." भाऊ शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "हाव ना. पण पाणी नानांनी लई बेस केलं." मी तिथून उठून आत गेले.

लग्न चांगलं झालं. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, आणि पाठवणीच्या वेळी भाची बापाच्या गळ्यात पडून रडली तेव्हा भावाने सवयीनं तोंड उघडलं. "दिवाळीला..." एवढं म्हणाला आणि थांबला. भाचीनंच त्याचे डोळे पुसले. "येते मी दिवाळीला," ती म्हणाली. मग ती नानांच्या पाया पडली. नानांनी तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मला वाटलं, म्हाताऱ्याला नात जाते आहे याचंच दुःख झालं असेल.

दोन दिवसांनी माझी शाळेची कामं होती, म्हणून मी नांदेडला निघाले. नानांना तिथून लातूरची बस धरायची होती, म्हणून भावाने त्यांना माझ्यासोबत दिलं. सबंध वाटेत मी खिडकीबाहेर बघत होते. नांदेडच्या बसस्थानकात लातूरची गाडी लागायला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. मी उसाचा रस आणायला उठले तर नानांनी हातानं खूण केली, बसा म्हणून.

"ताई, तुमचा राग म्या ओळखला हुता," ते म्हणाले.

मी म्हणाले, "कसला राग? काही नाही."

"तुम्ही रागावलात ते बरं केलं. कुनीतरी रागवायला पायजे हुतं." ते समोरच्या फलाटाकडे बघत बोलत होते. "मला त्याच दिवशी कळलं. तुम्ही समदे दुपारी जेवाया बसला, तवा म्या तळ्यावर गेलतो. मासोळ्या वर आलत्या. पांढऱ्या पोटाच्या, समद्या. जलम पावडर हाताळली म्या, मला कळंना व्हय? त्या गोळा केल्या आन् धुऱ्याला, बांधाच्या कडंला पुरल्या. जावई यायच्या आत."

"मग शिंपल्यांचं?"

"बाभळीमागं दोघं बसले हुते ते दिसलं. वास कुठं लपतो का, ताई? पोरीच्या हळदीच्या अंगाला यायचा त्यो वास."

"मग तुम्ही लोकांना हाताला धरून तळं का दाखवत होता?" माझा आवाज चढला होता. शेजारच्या बाईनं वळून बघितलं.

नानांनी खांद्यावरच्या उपरण्यानं तोंड पुसलं. "जावयानं ठरवलं हुतं, मला कळू द्यायचं न्हाई. त्यांनी येवढं पोटात घातलं. मी तोंड पाडून कोपऱ्यात बसलो असतो तर त्यांला कळलं असतं की मला कळलं. मग लेकीचं लगीन सोडून ते मलाच समजावत बसले असते. म्हणून बोलत ऱ्हायलो. लई जड गेलं, ताई. येकेकाला तिथं न्यायचं, आन् पाणी बघा म्हणायचं. पाणी मला दिसतच नव्हतं."

त्यांचे हात मांडीवर होते. मी ते हातात घेतले. इतके दिवस ज्या माणसाला धड पाणी विचारलं नव्हतं, त्याचे हात धरून मी भर बसस्थानकात रडले. राग कुठल्या कुठे गेला होता आणि त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा जड होतं.

लातूरची गाडी लागली. नाना वळकटी उचलून उठले. पायरीवर एक पाय ठेवून ते वळले. "जावयाला सांगू नका," ते म्हणाले. "त्यांला वाटू द्या, मला ठावं न्हाई. माझ्या लेकीला लई सांभाळलंय त्यांनी. त्यांचं येवढं तरी ऱ्हाऊ द्या."

गाडी सुटली. मी तिथंच उभी होते तोवर भावाचा फोन आला.

"नाना बसले का गाडीत?"

"हो. खिडकीजवळची जागा मिळाली."

"रस्त्यात काई बोलले का?"

"तुझ्या तळ्याचंच बोलत होते," मी म्हणाले. "पाणी फार नितळ झालंय म्हणाले."

तो हसला. बऱ्याच दिवसांनी मोकळं हसला. "म्हणजे कळलं न्हाई ना त्यांला?"

"नाही रे," मी म्हणाले. "त्यांना काही कळलेलं नाही."